माईंची जास्तीची ऋषिपंचमी

भागीरथीकाकूंनी माझ्या पदरात कैरी टाकली आणि पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खा गो, लाजतेस काय? तिसरा ना?"

मी कैरी पदरात तशीच धरून ठेवली. काय बोलणार? मला पाळी आली नव्हती हे खरं होतं. सलग तिसऱ्या महिन्यात आली नव्हती, हेही खरं होतं. आणि ही गोष्ट शेजारच्या काकूंपर्यंत पोचायला कुणी सांगावं लागत नव्हतं. आमच्या घरात शिवाशिव कडक. सून महिन्यातले चार दिवस मागच्या पडवीतल्या खोलीत बसलेली दिसली नाही की अख्खी वाडी बोटं मोजायला लागायची. फाल्गुनात मी बसले नाही, चैत्रात बसले नाही, आता वैशाख चालू होता. काकूंचा हिशोब झाला होता.

माझा मात्र लागत नव्हता. मला आतून माहीत होतं की हे ते नाही. का माहीत होतं, ते सांगता यायचं नाही. पण कैरी बघून तोंडाला पाणी सुटायच्या ऐवजी मला भलतीच धास्ती बसली. उद्या कळलं की दिवस गेलेले नाहीत, तर मग काय झालंय? तेविसाव्या वर्षीच सगळं आटलं की काय? लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. हे कुणाला विचारायचं? विचारायचं ते जिला, ती माझी आई माघात गेली होती.

आमचं गाव कोकणातलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, शंकराचं देवस्थान असलेलं. घाटावरची बरीच घराणी त्याला कुळस्वामी मानतात. आमच्या घराकडे देवाची पूजा आणि नैवेद्य, आणि येणाऱ्या भाविकांचं दुपारचं जेवण. सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि माझा नवरा मुकुंद पूजेचं बघायचे. सोवळ्याचा स्वयंपाक सासूबाईंचा आणि माझा. त्यांना मी माई म्हणायचे. पहाटे साडेचारला चूल पेटायची. मे महिन्यात तर रोज चाळीस-पन्नास पानं उठायची. मी मिरजेची, शाळामास्तरांची मुलगी. नारळ खवायची सवय नव्हती, ती हाताला घट्टे पडून झाली.

आई गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी नारळच खवत होते. मिरजेला पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. वडील आधीच गेलेले, भाऊ पुण्यात एका खोलीत राहणारा. चौथ्या दिवशी मी परत आले, कारण महाशिवरात्र तोंडावर होती आणि माई एकट्या होत्या. कुणी जबरदस्ती केली नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून मला झोप येईनाशी झाली. पाठ टेकली की वाटायचं, आईनं शेवटी कुणाला हाक मारली असेल? मुकुंद भला माणूस, पण पडल्या पडल्या घोरणारा. दिवसा कामाच्या रगाड्यात रडायला वेळ नाही, आणि नैवेद्याच्या चुलीपुढे डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असा माझा मीच नियम करून घेतला होता. शहाणी ना मी फार!

कैरीच्या प्रकरणानंतर दोन-तीन दिवसांत आमटीचं झालं.

नैवेद्याचं जेवण चाखायचं नसतं. देवाच्या आधी जिभेवर काही जाता कामा नये. त्यामुळे तिखट-मीठ सगळं हाताच्या अंदाजानं घालायचं. माईंचा हात तराजूसारखा. माझाही वर्षभरात बऱ्यापैकी बसला होता. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलं. मग खोबरं घातलं. मग पुन्हा मीठ घातलं. पहिलं घातल्याची मला आठवणच नव्हती.

नैवेद्य गेला, परत आला. देव काही बोलला नाही. पंगतीतले सांगलीहून आलेले भाविक मात्र बोलले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिला घास घेतला आणि हात पानावरच थांबवला. "गुरुजी, समुद्र जवळ आहे हे माहीत होतं, पण इतका?"

पंगतीत हशा पिकला. अण्णा लालबुंद झाले. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडले, "कुणी केली आमटी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माई म्हणाल्या, "मी. मीच घातलं दोनदा. वय झालं आता, काय करायचं? ताक वाढा त्यांना."

माईंनी चाळीस वर्षांत कधी मीठ चुकवलं नव्हतं, आणि ते आमच्यापेक्षा अण्णांना चांगलं ठाऊक होतं. ते एकदा माझ्याकडे बघून गेले.

माईंनी मला काही विचारलं नाही. मिठाचा लाकडी सट उचलून फक्त आपल्या बाजूला ठेवला. त्याचं मला इतकं लागलं म्हणून सांगू! अण्णांनी मारलं असतं तरी लागलं नसतं. संध्याकाळी भांडी आवरताना त्या म्हणाल्या, "उद्या सकाळच्या एसटीनं तालुक्याला जायचंय. डॉक्टर खातूंकडे. भागीरथी येऊन बघेल इथलं."

"माई, मला दिवस गेलेत असं नाही वाटत हो मला."

"मलाही नाही वाटत," माई म्हणाल्या. "नीज आता. म्हणजे, पड तरी."

डॉक्टर खातू म्हणजे पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. माईंची दोन्ही बाळंतपणं डॉक्टरांच्या सासूबाईंनी केलेली, म्हणून घरोबा. त्यांनी लघवी तपासायला घेतली, पोट तपासलं, थायरॉइडसाठी रक्त काढून ठेवलं. मग सरळच म्हणाल्या, "नाहीयेत दिवस."

मला माहीत होतं, तरी मी रडायच्या बेताला आले.

"झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मुळीच बरी नाही," माई मध्येच बोलल्या. मी चमकून बघितलं. "तीन महिने ही झोपलेली नाही, डॉक्टर. मी पहाटे उठून हिच्या खोलीवरून जाते, तर आत बांगड्या वाजत असतात. झोपलेल्या माणसाच्या बांगड्या वाजत नाहीत. महाशिवरात्रीच्या चार-पाच दिवस आधी हिची आई गेली. तेव्हापासून."

म्हणजे माई रोज ऐकत होत्या. मला वाटत होतं, या घरात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बघ वृंदा, पाळी नुसती पोटात ठरत नाही. तिचा हुकूम डोक्यातून सुटतो. माणूस झोपत नसलं, मनावर ओझं असलं, की शरीराला वाटतं हे दिवस काही धड नाहीत, आत्ता पोराबाळांचं बघायला नको. मग ते हे काम बाजूला ठेवतं. बंद नाही करत, बाजूला ठेवतं. कळलं?"

"म्हणजे माझं कायमचं काही गेलेलं नाही?"

"तसं काही दिसत नाही मला. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, म्हणजे दुसरं काही नाही याची खात्री होईल. पाळी आणायची गोळी आज देऊ शकते मी. गोळीनं पाळी येईल, झोप येणार नाही. आधी झोप आण. आणि रड जरा मोकळेपणी. दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर रत्नागिरीला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देते. त्यात लाजण्यासारखं काही नाही." मग माईंकडे वळून म्हणाल्या, "हिला विश्रांती हवी. माहेरी पाठवता आलं असतं तर..."

"माहेर राहिलं नाही तिला," माई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत माई तोंड फिरवून खिडकीतून बघत बसल्या. मला वाटलं, झालं, रागावल्या. मे महिन्याचा ऐन हंगाम, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात सुनेला विश्रांती द्या! आमच्या घरात बाई कधी बसायची? ताप आला तर अर्धा दिवस, बाळंतीण झाली तर सव्वा महिना, आणि नाहीतर ते चार दिवस. उगाच, थकले म्हणून बसलेली बाई मी त्या वाडीत बघितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ करून सोवळं नेसायला निघाले, तर माई वाटेत उभ्या. पलीकडे विहिरीवर अण्णा, आणि मधल्या दगडी गडग्याशी फुलं काढायला आलेल्या भागीरथीकाकू. माईंनी आवाज चढवला.

"आजपासून वृंदाला शिवायचं नाही हो! ती बाहेर बसलीये!"

मी खांबासारखी उभी. काकूंच्या हातातली परडी खाली आली. "अगं बाई! म्हणजे ते नव्हतंच?"

"नव्हतंच. तुमचीच घाई," माई म्हणाल्या. अण्णांनी खाकरून पोहरा विहिरीत सोडला. संपलं! एका वाक्यात कैरी पण संपली आणि माझी धाकधूक पण.

मी कुजबुजले, "माई, अहो, मला नाही आलेली."

"मला माहितेय," त्याही कुजबुजल्या. "जा मागच्या खोलीत. चटई घातलीये. चार दिवस तुला कुणी हाक मारणार नाही. अण्णा तर त्या बाजूला फिरकायचे पण नाहीत."

"अहो पण आज साठ पानं आहेत!"

"मग मला उशीर कशाला करतेस? जा."

आता एक सांगते. मी त्या प्रथेची तरफदारी करत नाहीये. पुढे घर माझ्या हातात आलं तेव्हा ती खोली मी मोडून तिथं पुस्तकांचं कपाट केलं. माझ्या मुलीला कुणी बाहेर बसवलेलं नाही. पण त्या वेळी त्या घरात बाईला दार लोटून झोपायला दुसरं कुठलंच निमित्त नव्हतं, आणि माईंच्या हाताशी जे होतं ते त्यांनी वापरलं. माई, ज्यांनी जन्मभर ओल्या लुगड्यानं स्वयंपाक केला! देवाच्या कामात काडीची कुचराई न करणाऱ्या माई देवाच्याच दारात उभ्या राहून धडधडीत खोटं बोलल्या.

मी चटईवर पडले. बाहेर नारळ फुटत होते, पाट मांडल्याचे आवाज येत होते. कुणीतरी आपल्याला हाक मारेल म्हणून मी कान देऊन पडले होते. कुणी मारली नाही. जाग आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या भिंतीवर गेलं होतं आणि उंबऱ्याशी झाकलेलं ताट होतं. मी किती तास झोपले ते मोजता येईना. मी तशीच ताटापुढे बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद मागच्या अंगणात आला. लांब उभं राहून विचारलं, "बरी आहेस ना?" मला त्याच्याशी खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. आईचं, झोपेचं, डॉक्टरांचं, माईंच्या थापेचं. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नारळ आजपासून मी खवतो." त्या दिवशी अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाला विळीवर बसलेलं बघितलं. म्हणे दोन वेळा आत डोकावून गेले.

तिसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर माई आल्या. खोलीबाहेर चार हात लांब पाट टाकून बसल्या, कुणी बघितलं तर बरं दिसावं म्हणून. गुडघे चोळत म्हणाल्या, "तुझ्या आईची एकदाच भेट झाली, लग्नात. मला म्हणाल्या होत्या, माझ्या वृंदाला भरल्या वांग्याची भाजी आवडते. मी मेली विसरूनच गेले. कशी करायच्या त्या?"

मी सांगायला लागले. शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला, चिंच, गूळ. आई देठं काढायची नाही. म्हणायची, देठाला धरून खाण्यात मजा. एवढं बोलले आणि जो बांध फुटला तो फुटलाच. माई पाटावरून उठल्या, चार हात ओलांडून आत आल्या आणि माझं डोकं त्यांनी पोटाशी धरलं.

"रड," म्हणाल्या. "तीन दिवसांत कुणाची आई आटोपते गो?"

तेवढ्यात गडग्यावरून आवाज आला. "अहो माई! शिवलात की तिला!" भागीरथीकाकूच. दुसरं कोण असणार?

माईंनी सुस्कारा सोडला. "शिवले खरी. पोर रडत होती, भान राहिलं नाही," असं म्हणत त्या सरळ विहिरीवर गेल्या आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. सकाळपासूनची तिसरी आंघोळ. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी! मी दाराच्या फटीतून बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. ज्येष्ठात माईंनी मला पुन्हा बसवलं. आषाढात पुन्हा. दरवेळी कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणायच्या, "अठ्ठावीस झाले, चल." मधल्या दिवसांतही मला रात्रीची झोप हळूहळू लागायला लागली, आधी दोन तास, मग चार. दुपारची पंगत उठली की माई माझ्यासमोर बसून म्हणायच्या, "हं, आज आईचं काय?" आणि मी सांगायचे. आईची शाळा, आईची चिडचिड, आईनं बाबांवर रुसून केलेली मुगाची खिचडी. मुकुंदही कधीकधी ऐकायला यायचा. डॉक्टर खातूंकडे महिन्याला एक फेरी व्हायची. चिठ्ठीची वेळ आली नाही.

श्रावणात एका सोमवारी सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले. माई देवासाठी बेल निवडत बसल्या होत्या. मी चार हात लांब थांबले.

"माई, आजपासून मला शिवायचं नाही."

त्या वर न बघता म्हणाल्या, "अगो, आज कुठे? अजून सहा दिवस आहेत आपले."

"माई, खरंच शिवायचं नाही."

त्यांचे हात थांबले. वर बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, बेलाच्या पानांवर. "बरं झालं गो," म्हणाल्या. "बरं झालं. मला भीती वाटायला लागली होती." मग पदरानं डोळे पुसून एकदम ओरडल्या, "बघतेस काय? जा ना मग! सोवळ्यातला बेल आहे हा!"

त्या भाद्रपदात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी आली. बाईनं पाळीच्या दिवसांत चुकून शिवाशिव केली असेल, तर त्या दोषासाठी हा उपास धरायचा. पाळी जाऊन वय झालं की उद्यापन करून सोडायचा. माईंचं उद्यापन दोन वर्षांपूर्वीच झालं होतं. आणि त्या दिवशी बघते तर माई पहाटे डोक्यावरून न्हालेल्या आणि परसात भाज्या काढायला बसलेल्या. ऋषीची भाजी बैलाच्या कष्टाची चालत नाही, हातानं लावलेलंच लागतं. अळू, माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं परसातलं.

भागीरथीकाकूंनी गडग्यावरून विचारलंच. "उद्यापन झालंय ना हो तुमचं? आता आणखी कशाला?"

"राहिलं होतं थोडं," माई म्हणाल्या.

काकू गेल्यावर मी त्यांच्याजवळ अळूची देठं सोलायला बसले. "माई, काय राहिलं होतं?"

"तुला नाही कळलं? लोक चुकून शिवाशिव झाली तर उपास धरतात. मी तर ते दिवसच खोटे सांगितले. एकदा नव्हे, तीनदा. नैवेद्याच्या घरात."

माझ्या हातातलं देठ तसंच राहिलं. "माझ्यासाठी उपास करताय?"

"तुझ्यासाठी कशाला? खोटं मी बोलले, उपासही माझाच."

"मग देवाला काय सांगितलंत?"

"सांगितलं, खोटं बोलले म्हणून."

"आणि चुकलं म्हणालात?"

माईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "ते कशाला म्हणू? चुकलं असतं तर म्हटलं असतं. जे झालं ते सांगून टाकलं. पुढचं त्याचं तो बघेल. देठं सोल नीट, घशाला खाजेल ती."

माई जाऊन आता सहा वर्षं झाली. माझी दोन मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. त्यांचे माझ्यावर उपकार किती, ते मला कधी त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर "पुरे" म्हणाल्या असत्या. म्हणून इथे म्हणते. आईनंतर मला आई मिळाली. तीन महिने खोटं बोलून मिळाली.

त्या दिवशी भाजी चुलीवर चढली. बिनतेलाची, नुसती वाफेवर शिजणारी. माईंनी झाकण काढून एकदा ढवळली आणि आपल्या बाजूचा मिठाचा सट उचलून माझ्यासमोर ठेवला. आमटीच्या दिवसापासून त्याला माझा हात लागला नव्हता.

"घाल तू," म्हणाल्या.

"माई, नको. आज उपासाची भाजी आहे. चुकलं तर?"

"घाल म्हणते ना!"

मी मूठ भरली, थोडं परत टाकलं, आणि उरलेलं भाजीत सोडलं. नैवेद्य दाखवला. दुपारी माई पानावर बसल्या. दिवसभराचं त्यांचं तेवढंच खाणं. वरीच्या भाताशेजारी मी भाजी वाढली आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिले. माईंनी पहिला घास घेतला. सावकाश चावला.

"काय गो, तोंडाकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. वाढ आणखी."